जुन्या रणजी ऑलराउंडरचे आकडे जुळत नाहीत: सामने ५४ की ६१?

पेठेतला_क्लब

नमस्कार मंडळी. क्लबच्या स्मरणिकेत आणि पॅव्हेलियनमधल्या पाटीवर एका निवृत्त खेळाडूची कारकीर्द द्यायची आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात महाराष्ट्राकडून रणजी, ऑफस्पिन टाकायचे आणि सहाव्या-सातव्या नंबरला बॅटिंग. घरच्यांची परवानगी पाटीपुरतीच आहे, म्हणून नाव इथे देत नाही.

घरच्या वहीत: ६१ सामने, ९६ डाव, २,४८० धावा, सरासरी २५.८३, बळी १४८.
एका साइटवर: ५४ सामने, ८६ डाव, १५ वेळा नाबाद, २,२१७ धावा, सरासरी ३१.२२. बोलिंग ९,७२० चेंडू, ३,९२८ धावा, १३५ बळी, सरासरी २९.०९.
दुसऱ्या साइटवर बाकी सगळं तेच, पण सरासऱ्या ३१.२३ आणि २९.१०.

वहीत धावा जास्त असून सरासरी कमी कशी? सात सामने कुठून आले? आणि पाटीवर ‘अष्टपैलू’ लिहावं की ‘ऑफस्पिनर’? यावर समितीत दोन तट पडलेत. हाताशी वही, दोन स्कोअरबुकं आणि पिशवीभर कात्रणं आहेत.

---

गुणलेखक_कोथरूड

सरासरीचं कोडं आधी, कारण ते दोन मिनिटांचं आहे. वही लिहिणाऱ्याने धावांना डावांनी भागलंय. २,४८० ÷ ९६ = २५.८३. भागायचं असतं बाद झालेल्या डावांनी, म्हणजे डाव वजा नाबाद. साइटचे आकडे घ्या: ८६ − १५ = ७१, आणि २,२१७ ÷ ७१ = ३१.२२५३. एका साइटने तिसऱ्या अंकापासून पुढचं कापलं, दुसरीने जवळच्या दुसऱ्या अंकाला नेलं. २९.०९ आणि २९.१० चंही तेच. दोन्ही बरोबर. पाटीवर एकच पद्धत ठेवा म्हणजे झालं.

नाबाद मोजताना तीन ठिकाणी लोक हमखास चुकतात. ‘जखमी निवृत्त’ म्हणजे नाबाद, डाव धरायचा. एकही चेंडू न खेळता दुसऱ्या टोकाला उभा राहिला आणि डाव घोषित झाला, तरीही डाव आणि नाबाद दोन्ही धरायचे. पण ‘गैरहजर, जखमी’ असेल तर डावच धरायचा नाही. सातव्या नंबरच्या माणसाच्या बाबतीत हे तीन प्रकार बरेचदा येतात, त्यामुळे १५ चा आकडा एकदा स्वतः मोजा.

आता सात सामने. साइटवर फक्त प्रथम श्रेणीचे सामने धरतात, वहीत सगळेच असू शकतात. प्रथम श्रेणीची व्याख्या १९४७ साली ठरली: अकरा-अकरा खेळाडूंचे दोन संघ आणि तीन किंवा जास्त दिवसांसाठी ठरवलेला सामना, शिवाय दोन्ही संघ त्या दर्जाचे मानलेले. ‘ठरवलेला’ हा शब्द महत्त्वाचा. तीन दिवसांचा सामना दीड दिवसात आटोपला तरी मोजला जातो. दोन दिवसांचा ठरलेला सामना समोर परदेशी पाहुणा संघ असला तरी मोजत नाहीत.

वहीतला प्रत्येक सामना यातून गाळून घ्या:

रणजी, दुलीप (विभागीय संघांची स्पर्धा, १९६१-६२ पासून), इराणी (रणजी विजेते विरुद्ध शेष भारत, १९५९-६० पासून), विभागीय किंवा अध्यक्षीय संघाचे पाहुण्यांशी झालेले तीन दिवसांचे सामने: आत.
देवधर (१९७३-७४ पासून) आणि एक दिवसाचं बाकी सगळं: बाहेर. त्यांची यादी वेगळी.
रोहिंटन बारिया आणि विझी (विद्यापीठांच्या), कूचबिहार आणि सी. के. नायडू (वयोगटाच्या), मुंबईची कांगा लीग, क्लबच्या निमंत्रित स्पर्धा: बाहेर.
मोईनुद्दौला (हैदराबादची निमंत्रित स्पर्धा): काही हंगामांत प्रथम श्रेणीचा दर्जा होता, काही हंगामांत नव्हता. हंगाम पाहिल्याशिवाय हात लावू नका. माझा पहिला संशय इथेच आहे.
आणि बारावा खेळाडू! संघाच्या यादीत नाव छापून आलं की घरचे लोक सामना धरतात. बदली म्हणून पकडलेला झेलसुद्धा त्याच्या नावावर चढत नाही, तिथे नुसतं ‘बदली’ असतं.

पावसाने धुतलेले सामने वेगळे काढा. नाणेफेक झाली पण चेंडू पडला नाही, तर तो सामना धरायचा की नाही यावर आकडे संकलित करणाऱ्यांचं एकमत नाही. तुम्ही एक नियम ठरवा आणि खाली बारीक अक्षरात लिहा.

मोजणीने किती फरक पडतो त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण इंग्लंडचा डब्ल्यू. जी. ग्रेस, तोही ऑलराउंडरच. त्याच्या धावा एका हिशोबाने ५४,८९६, दुसऱ्याने ५४,२११. बळी २,८७६ किंवा २,८०९. शतकं १२६ किंवा १२४. सगळा वाद कोणते सामने धरायचे एवढाच.

---

पेठेतला_क्लब

स्कोअरबुकात गोलंदाजाच्या धावा आणि कात्रणातल्या धावा दोन-तीन ठिकाणी वेगळ्या आहेत. कशावर विश्वास ठेवायचा?

---

गुणलेखक_कोथरूड

दोघांवरही नाही, बेरजेवर ठेवा. तीन बेरजा आहेत.

पहिली: फलंदाजांच्या धावा + अवांतर = एकूण. समजा २६८ + १९ = २८७.

दुसरी: गोलंदाजांनी दिलेल्या धावा. जुन्या काळी, साधारण १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत, वाइड आणि नोबॉल गोलंदाजाच्या खात्यात टाकत नसत. नंतर टाकू लागले. बाय आणि लेगबाय कधीच नाहीत. वरच्या १९ अवांतरात बाय ७, लेगबाय ५, नोबॉल ६, वाइड १ असतील, तर जुन्या पद्धतीने गोलंदाजांची बेरीज २६८ यायला हवी आणि नव्या पद्धतीने २७५. काय आलं त्यावरून स्कोअररने कोणती पद्धत वापरली ते कळतं. तुमच्या खेळाडूचा काळ नेमका सांध्यावरचा आहे, त्यामुळे तफावत बहुतेक हीच. नव्या पद्धतीने जुने आकडे ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका. त्या हंगामात जे छापलं तेच अधिकृत.

तिसरी: गोलंदाजांचे बळी + धावबाद = पडलेल्या विकेट. यष्टिचीत आणि स्वयंचीत गोलंदाजाला मिळतात, धावबाद कुणालाच नाही. कात्रणात ‘यष्टिचीत’पुढे कधी नुसतं यष्टिरक्षकाचं नाव असतं आणि वहीत ती विकेट गळते. ऑफस्पिनरच्या बाबतीत हे नक्की बघा.

षटकांची बेरीज एक्सेलमध्ये थेट करू नका, हात जोडून सांगतो. १७.४ म्हणजे सतरा षटकं आणि चार चेंडू, दशांश नव्हे. १७.४ + १२.५ ला एक्सेल २९.९ म्हणेल. खरं गणित: १०६ + ७७ = १८३ चेंडू, म्हणजे ३०.३. आधी सगळं चेंडूंत करा, शेवटी षटकांत आणा. ऑस्ट्रेलिया दौऱ्याचा एखादा सामना निघाला तर तिथे १९७८-७९ पर्यंत आठ चेंडूंचं षटक होतं, तिथला १७.४ म्हणजे १४० चेंडू.

स्कोअरबुकात गोलंदाजाच्या ओळीत प्रत्येक षटकाचा एक चौकोन असतो, त्यात तीन-तीनच्या दोन उभ्या रांगांत सहा खुणा. सहाही टिंबं असली की ती रेघेने जोडून इंग्रजी ‘एम’ करतात, म्हणजे निर्धाव षटक. निर्धाव आणि वर बळीही असेल तर तीच टिंबं ‘डब्ल्यू’सारखी जोडतात. नवखा माणूस ‘डब्ल्यू’ला एक विकेट धरतो आणि त्याच चौकोनातली विकेटची खूण पुन्हा मोजतो. त्यामुळे बळी चौकोनांतून मोजू नका, वरच्या फलंदाजांच्या रकान्यातून मोजा. बाय-लेगबाय गेलेलं षटकही निर्धावच असतं, मग चौकोन भरलेला दिसला तरी.

---

जुनी_कात्रणं

कात्रणांबद्दल थोडं. तारीख ही सामन्याची नसते, अंकाची असते. शनिवार ते सोमवारच्या सामन्याचा पूर्ण धावफलक मंगळवारी येतो, आणि रविवारच्या कात्रणात खेळाडू ‘खेळत आहे ४१’ असतो. वहीत तेच ४१ नाबाद म्हणून उतरतं आणि दुसऱ्या दिवशी तो ४४ वर बाद झालेला असतो. प्रत्येक ‘खेळत आहे’चा पुढचा अंक शोधलाच पाहिजे. पुण्यातल्या जुन्या वाचनालयांत मराठी दैनिकांच्या बांधीव फायली आहेत. आधी सामन्यांच्या तारखांची यादी करून जा, नाहीतर दिवस चाळण्यात जातो. फोटो काढताना पानाच्या माथ्यावरची तारीख चौकटीत घ्या.

मैदान ‘पुणे’ एवढ्यावर सोडू नका. पूना क्लब, नेहरू स्टेडियम, पीवायसी, डेक्कन जिमखाना यांतलं कुठलंही असू शकतं.

दुसरा घोळ आडनावांचा. धावफलकात आद्याक्षरं कधी असतात, कधी गाळतात. जोशी, कुलकर्णी, गुप्ते अशा नावांत दोन माणसं एक होतात. सुभाष गुप्ते आणि बाळू गुप्ते सख्खे भाऊ, दोघंही लेगस्पिनर. निंबाळकरांचंही तसंच: भाऊसाहेब म्हणजे बी. बी. आणि यष्टिरक्षक रावसाहेब म्हणजे आर. बी. नुसतं ‘निंबाळकर’ दिसलं की संघ, हंगाम आणि भूमिका तिन्ही जुळवा.

भाऊसाहेबांवरून आठवलं, अर्धवट सोडलेला सामना धरतात का असं कुणी विचारलं तर हेच उत्तर द्या. १९४८-४९ च्या हंगामात पूना क्लबवर काठियावाडविरुद्ध ते ४४३ वर नाबाद होते, महाराष्ट्र ४ बाद ८२६, ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ ला नऊ कमी, आणि काठियावाडने मैदानच सोडलं. सामना नोंदीत आहे, ४४३ ही आहेत.

आणि संघ. ‘महाराष्ट्र’ म्हणजे रणजीत मुंबई आणि विदर्भ सोडून उरलेला. साइटवर ‘महाराष्ट्राकडून’ अशी गाळणी लावली तर पश्चिम विभागाचे दुलीप सामने गळतात. तुमचे ५४ गाळणी लावून आलेत का? चंदू बोर्डे महाराष्ट्राकडून सुरू झाले, मग बडोदा, पुन्हा महाराष्ट्र. एकाच संघाचं पान उघडलं तर अर्धा माणूस हाती लागतो. बडोद्याच्या १९५७-५८ च्या रणजी विजेतेपदाचा काळ त्या गाळणीत दिसणारच नाही.

---

फिरकी_आणि_फटका

तिसऱ्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही. अष्टपैलू ठरवायची ढोबळ रीत: बॅटिंगची सरासरी वजा बोलिंगची. तुमचे ३१.२२ − २९.०९ = अधिक २.१३. अधिक आलं की अष्टपैलू म्हणायला हरकत नाही, पण सोबत कामाचा बोजा बघायचा. प्रति सामना धावा आणि बळी काढा.

विजय हजारे: २३८ सामने, १८,७४० धावा, ५९५ बळी. सामन्याला ७९ धावा, अडीच बळी.
चंदू बोर्डे: २५१ सामने, १२,८०५ धावा, ३३१ बळी. सामन्याला ५१ धावा, १.३ बळी.
साईराज बहुतुले: १८८ सामने, ६,१७६ धावा, ६३० बळी. सामन्याला ३३ धावा, ३.३५ बळी.
तुमचे: सामन्याला ४१ धावा, अडीच बळी, १८० चेंडू म्हणजे ३० षटकं. ७२ चेंडूंना एक बळी, षटकाला २.४२ धावा.

सामन्याला तीस षटकं टाकून वर ४१ धावा करणारा माणूस ‘फलंदाजी करणारा ऑफस्पिनर’ नव्हे. अष्टपैलू लिहा, बिनधास्त.

फक्त वजाबाकी कारकिर्दीवर आंधळेपणाने लावू नका. पुण्याच्याच बोर्डेंचं उदाहरण बघा. प्रथम श्रेणीत ४०.९१ − २७.३२ = अधिक १३.५९. कसोटीत ५५ सामने, ३,०६१ धावा, ५२ बळी, ३५.५९ − ४६.४८ = उणे १०.८९. तोच माणूस एका तक्त्यात अव्वल अष्टपैलू आणि दुसऱ्यात नाहीच! कारण १९६४ च्या सुमारास खांदा गेला आणि लेगस्पिन जवळपास थांबली. त्याआधी बघा: १९५८-५९ ला दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध १०९ आणि ९६, दुसऱ्या डावात स्वयंचीत. १९६१-६२ ला कोलकात्यात इंग्लंडविरुद्ध ६८ आणि ६१, शिवाय पहिल्या डावात चार बळी. खांद्यानंतर १९६६-६७ ला वेस्ट इंडीजविरुद्ध मुंबईत १२१, मद्रासला १२५, पण ते निव्वळ फलंदाज म्हणून. म्हणजे कारकीर्द दोन तुकड्यांत मांडली तरच खरी दिसते. तुमच्या खेळाडूचे हंगामवार बळी काढा. मध्येच चेंडूंचा आकडा एकदम पडला असेल तर तिथे रेघ मारून दोन ओळी करा.

---

तिसरी_स्लिप

वजाबाकीवर माझा फारसा विश्वास नाही. १५ नाबाद आहेत तिथे ३१ ची सरासरी फुगलेली असते. ८६ डावांत १५ म्हणजे साडेपाच-सहा डावांमागे एकदा नाबाद. शेपटाबरोबर, म्हणजे तळाच्या गोलंदाजांबरोबर, उभं राहणं हेही कामच, मान्य, पण मग बाद-नाबाद बाजूला ठेवून डावामागे २५.७७ हाही आकडा सोबत द्या. घरच्या वहीची रीत चुकीची असली तरी अगदीच निरुपयोगी नाही.

दुसरं म्हणजे ५४ सामने हा आकडा आजच्या पोरांना लहान वाटेल, म्हणून पाटीवर एक ओळ हवी. २००१-०२ पर्यंत रणजी विभागवार होती. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र असे पाच संघ. म्हणजे साखळीत वर्षाला चार सामने, बस्स. पुढचे सामने हवे असतील तर विभागातून वर जायचं, आणि त्याच विभागात मुंबई, जिने १९५८-५९ ते १९७२-७३ सलग पंधरा वेळा करंडक उचलला. महाराष्ट्राने १९७०-७१ ला अंतिम फेरी गाठली तर समोर मुंबईच. एक दुलीप धरला तरी ५४ सामने म्हणजे दहा-बारा हंगाम टिकून राहणं. शिवाय तीन दिवसांच्या सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीवर गुण, त्यामुळे दुसरा डाव अर्धवट राहायचा आणि सातव्या नंबरला बॅटच मिळायची नाही. ५४ सामन्यांत १०८ ऐवजी ८६ डाव का, त्याचं उत्तर हे. बोर्डेंचे तरी २५१ सामन्यांत ३७० च डाव आहेत.

ज्यांना आजच्याशी तुलना करायची आहे त्यांच्यासाठी: जलज सक्सेनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये केरळकडून खेळताना रणजीत ६,००० धावा आणि ४०० बळी अशी जोडी पहिल्यांदा पूर्ण केली. ते आकडे फक्त रणजीचे, प्रथम श्रेणीचे नव्हेत. पाटीवर कुठले देताय ते वर ठळक लिहा.

आणि झेल! कुणी विचारलेच नाहीत. ऑफस्पिनला जवळचं क्षेत्ररक्षण लागतं, तिथेही माणूस कामाचा असतो. महाराष्ट्राच्या यजुर्वेंद्रसिंहने १९७६-७७ ला बंगळुरूच्या कसोटी पदार्पणात सात झेल घेऊन विश्वविक्रमाशी बरोबरी केली होती. पाटीवर झेलांचा रकाना ठेवा.

---

पेठेतला_क्लब

सगळ्यांचे आभार. वही गाळून झाली. सातांपैकी दोन ठिकाणी ते बारावे होते. तीन सामने विद्यापीठांच्या विभागीय संघाकडून विझीचे. एक पाहुण्या संघाशी दोन दिवसांचा. सातवा मोईनुद्दौलाचा, त्याचा हंगाम तपासणं बाकी आहे. यष्टिचीतची एक विकेट वहीत खरंच गळली होती, पण ती विझीच्या सामन्यातली, म्हणजे उपयोग नाही. ५४ गाळणीशिवायचे आहेत, दुलीप धरून.

हंगामवार चेंडू काढले. शेवटच्या तीन हंगामांत निम्म्यावर आलेत. रेघ मारायची का?

---

फिरकी_आणि_फटका

मारा. पण आधी बघा, त्या तीन हंगामांत महाराष्ट्राकडे दुसरा ऑफस्पिनर आला होता का. कर्णधाराने चेंडू दिला नाही आणि खांद्याने साथ दिली नाही, या वेगळ्या गोष्टी. धावफलकात त्याच डावांत दुसऱ्या फिरकीपटूंची षटकं किती ते पाहिलं की कळेल.

---

गुणलेखक_कोथरूड

पाटी रंगवायला देण्याआधी रकान्यांचा क्रम कागदावर काढून रंगाऱ्याला द्या. वरच्या ओळीत सामने, डाव, नाबाद, धावा, सर्वोच्च, सरासरी, शतकं, अर्धशतकं, झेल. खालच्या ओळीत चेंडू, धावा, बळी, सरासरी, डावातील सर्वोत्तम, डावात पाच बळी, सामन्यात दहा बळी. सर्वोच्च धावसंख्या नाबाद असेल तर तिच्यापुढची नाबादची चांदणी (*) रंगारी हमखास विसरतो, किंवा डाग समजून पुसतो. ‘डावातील सर्वोत्तम’मध्ये आधी बळी, मग धावा. आणि ५४ हा आकडा सातवा सामना निकालात निघेपर्यंत खडूनेच लिहा.